मध्यंतरराव आणि उरलेला सिनेमा

झेरॉक्सच्या दुकानात माणूस थांबून थांबून किती थांबणार? पानं निघाली की चालला. पण तेवढ्या वेळात त्याला अख्खा सिनेमा सांगायचा, त्यातली खोट दाखवायची आणि वर तो बघावा की बघू नये याचा निकालही देऊन टाकायचा, हे मध्यंतररावांना सहज जमायचं. एका हाताने मशीनचं झाकण उचलायचं, दुसऱ्याने पान काचेवर उलटं ठेवायचं, हिरवा उजेड इकडून तिकडे सरकेपर्यंत हिरोची ओळख करून द्यायची आणि पान बाहेर पडेपर्यंत व्हिलनची. गिऱ्हाईक पानं तपासायचं विसरून जायचं.

दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे काउंटर, त्याला लागून मशीन आणि मागे लाकडी टेबलाशी त्यांची बायको. बाइंडिंग तिच्याकडे. कागदांची चळत ठोकून सरळ करायची, भोकं पाडायच्या यंत्राचा दांडा खाली ओढायचा, भोकांतून प्लास्टिकची स्प्रिंग फिरवत न्यायची आणि तिची टोकं पकडीने वळवून टाकायची. नवरा बोलायचा, बायको दांडा ओढायची. हे दोन आवाज त्या दुकानात इतकी वर्षं एकत्र नांदले होते की एक थांबला असता तर दुसऱ्यालाच चुकल्यासारखं झालं असतं.

'मध्यंतरराव' हे नाव शेजारच्या औषधवाल्याने ठेवलेलं. नवा हिंदी सिनेमा लागला की दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला ही जोडी ठरलेली. पण मध्यंतराचे दिवे लागले की हे उठायचे. शर्ट खाली ओढायचे, चष्मा खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "चला. कळलं." बायको पर्स काखेत मारून मागोमाग. सिनेमा बरा असो, भिकार असो, हॉल भरलेला असो की ओस पडलेला, यात बदल नाही. तिकिटं मागतानाच कडेच्या खुर्च्या मागायच्या, म्हणजे उठताना कुणाचे पाय तुडवायला नकोत.

"अर्धा बघून अख्ख्याचं मत कसं काय देता हो?" औषधवाला विचारायचा.

"अहो, पहिलं पान कसं आलं ते बघितलं की पुढची शंभर कशी येणार ते मला कळतं. ती काय मी उभं राहून वाचत बसतो?"

औषधवाला हसून मान डोलवायचा. तो स्वतः सिनेमाला कधी जायचा नाही. दुकान सोडवत नाही म्हणायचा. त्याचं सगळं मध्यंतररावांच्या तोंडून भागायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यातच जास्त मजा यायची.

कारण मतं ऐकण्यासारखीच असायची. "पूर्वी हिरोला आई असायची," मध्यंतरराव म्हणायचे, "खोकत का होईना, पण असायची. आता हिरोला फक्त दाढी असते." हेरांच्या सिनेमांवर त्यांचा विशेष राग. "हा म्हणे हेर! काचेच्या इमारतीतून उडी मारतो, खाली येतो तरी केसाचा भांग जागच्या जागी. शिवाय एवढा देखणा. हा आपल्या गल्लीत जरी शिरला तरी सगळ्या खिडक्या उघडतील. तो कसली गुपितं काढणार?" प्रेमाच्या सिनेमातली स्वयंपाकघरं त्यांच्या डोळ्यांत खुपायची. आपल्या दोन्ही दुकानांएवढं स्वयंपाकघर आणि त्यात कुणी कधी कांदा चिरलेला नाही! आणि आवाज! "हिरो नुसतं फाटक उघडतो, तर असं वाजतं जसा किल्ला पडला."

सगळंच नावडायचं असं मात्र नाही. मध्ये एका लिफ्टमनवरचा छोटासा सिनेमा आला होता, त्याने ते पार हरखून गेले होते. महिनाभर येईल त्याला सांगत होते, माणसं कशी माणसांसारखी बोलतात बघा. पण त्यालाही मध्यंतराला उठलेच. चांगला आहे म्हणून काय बसून राहायचं?

घरी चालत येताना ते बायकोला उरलेला सिनेमा सांगायचे. कोण मरणार, कोण सुधारणार, विमानतळावर कोण कुणाच्या मागे धावणार. नंतर कुणी पूर्ण बघून आलं की मुद्दाम खोदून विचारायचे, आणि बहुतेक वेळा यांचंच बरोबर निघायचं. मग दिवसभर स्वारी खुशीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तो दोन बहिणींचा सिनेमा लागला.

त्यात मारामारी नव्हती, परदेश नव्हता, नाचणारी माणसंसुद्धा नव्हती. थोरली बहीण शहरात बस चालवते. धाकटी किती तरी वर्षांनी एक बॅग घेऊन दारात उभी राहते. थोरली तिला आत घेते, पण बोलत नाही. धाकटीही बोलत नाही. दोघी एका छताखाली राहतात आणि काय सांगायचं ते घरातल्या मांजरीला सांगतात. "मने, कुणाला तरी सांग, गॅस संपत आलाय." "मने, कुणाला तरी सांग, मला नाक आहे, मला वास येतो." लोक हसत होते. बायकोही हसत होती. मध्यंतरराव मात्र चुळबुळत होते. भांडण कशावरून झालं तेवढं सांगून टाका ना बाबांनो!

दिवे लागले. ते उठले, शर्ट खाली ओढला.

"चला, कळलं. धाकटी आजारी पडणार. थोरली दवाखान्यात उशाशी बसणार. दोघी रडणार. संपलं."

मागे पर्सची हालचाल ऐकू आली नाही. त्यांनी वळून बघितलं. बायको खुर्चीत तशीच होती.

"अहो, तुम्ही व्हा पुढे. मी बसते."

"बसते म्हणजे?"

"म्हणजे बसते. बोलतात का ते बघायचंय मला."

"बोलणारच! न बोलून जातात कुठे?"

"कशा बोलतात, ते बघायचंय."

मागे लाह्या आणायला निघालेली माणसं ताटकळली होती. कुणीतरी "काका, जरा" म्हणालं. काका निघाले. दारातून बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घराची किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. आत जाऊन मागावी, तर आता पुन्हा तिच्यासमोर उभं कोण राहणार? ते बाहेरच्या बाकावर टेकले.

सिनेमा चालू असताना थिएटरची बाहेरची बाजू कशी दिसते, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. पुठ्ठ्याचा एक दाढीवाला हिरो कुऱ्हाड घेऊन उभा होता आणि त्याला कुणी बघत नव्हतं. लाह्यांच्या काउंटरवरची मुलगी पाय दुखतात म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. झाडूवाल्या बाई सांडलेल्या लाह्या सुपलीत भरत होत्या. दोघींनी एकेकदा त्यांच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही, हे त्यांना विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

जाड दारातून नुसती कुजबुज येत होती. मग तीही थांबली. इतका वेळ काहीच ऐकू येईना की आतलं मशीन बंद पडलं की काय, असं त्यांना वाटलं. आणि एकदम अख्खा हॉल हसला. खदाखदा नाही, बरेच दिवस दाबून धरलेलं काहीतरी सुटावं तसा. त्या हसण्यात आपल्या बायकोचाही आवाज आहे, आणि आपण इथे पुठ्ठ्याच्या माणसाशेजारी बसलोय, हे काही त्यांना गोड वाटलं नाही.

सिनेमा सुटला. ती डोळे पुसत आली, पण चेहरा धुतल्यासारखा टवटवीत.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. संपला."

"दवाखाना आला ना?"

"नाही."

"मग?"

"बघायला हवा होता," ती म्हणाली. टोमणा म्हणून नाही, खरंच वाईट वाटून म्हणाली. तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी औषधवाला सवयीने काउंटरला टेकला. मध्यंतररावांनी निकाल दिला. संथ आहे, मांजर तेवढी चांगली आहे, धाकटी शेवटी आजारी पडते, नाही बघितला तरी चालेल.

मागे दांड्याचा आवाज थांबला.

"धाकटी ठणठणीत राहते," बायको म्हणाली. "आणि बघाच तुम्ही, भावजी. तुमच्या आईंनाही न्या."

औषधवाल्याने एकदा मध्यंतररावांकडे, एकदा मागे त्यांच्या बायकोकडे बघितलं. इतकी वर्षं काउंटरला टेकून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं की मागे बसलेलं माणूसही सिनेमाला जातं. "वहिनी, तुम्ही पूर्ण बघितला?"

"बघितला."

तेवढ्यात शिकवणीच्या बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. हे त्यांच्या कानावर पडलं आणि त्या थेट काउंटरला वळसा घालून मागच्या टेबलाशीच गेल्या.

"काकू, तुम्हीही बघितलात? ते दार!"

"हो ना, ते दार!"

"मी तर बाई, आधी हसले आणि मग…"

"माझंही तेच."

मध्यंतरराव मशीनपाशी उभे. दार? कसलं दार? पहिल्या भागात दार कुठेच नव्हतं. म्हणजे घराला होतं, पण त्यात विशेष असं काही नव्हतं. त्याच वेळी मशीनमध्ये कागद अडकला. ते झाकण उघडून, हात काळे करून, चुरगळलेलं पान ओढून काढत राहिले आणि मागे दोघी दाराविषयी बोलत राहिल्या. नीट काही सांगतही नव्हत्या, कारण औषधवाल्याने सिनेमा बघावा असं दोघींना वाटत होतं.

पुढे चार दिवस हेच. येणाऱ्या बायका पान काउंटरवर ठेवायच्या आणि मागे जायच्या. वकिलांकडची टायपिस्ट गेली, दाताच्या डॉक्टरांकडची मुलगी गेली. बायकोचीही मतं होती, आणि ती काही नुकतीच फुटलेली नव्हती. पहिल्या भागात सगळे नुसती आपली ओळख करून देतात, ती एकीला सांगत होती, खरे भेटतात ते दुसऱ्या भागात. मध्यंतररावांनी हे ऐकलं आणि त्यांना वाटलं, वाक्य चांगलं आहे. मग आठवलं की ते आपल्याविरुद्ध आहे.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "हे बघ, मी उठतो त्यामागे एक तत्त्व आहे."

"कसलं तत्त्व?"

"हेच. कळल्यावर बसून राहू नये."

तिने घास खाली ठेवला. "अहो, पोर लहान होती म्हणून उठायचो आपण. तिला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवायचो. त्यांची संध्याकाळची पाळी असायची, त्या निघायच्या आत परत यायला लागायचं. तुम्हाला खरंच आठवत नाही?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आणि ती सांगायला लागली तसं एकेक आठवायला लागलं. जिना चढतानाची धावपळ, काकूंचं चपला घालून, पोरीला कडेवर घेऊन दारातच उभं असणं, पोरीच्या हातातलं लाळेने भिजलेलं बिस्कीट. तेव्हा उठताना जीव तुटायचा. पुढे काय झालं असेल याची रुखरुख लागायची, म्हणून वाटेत ते जुळवून सांगायचे. तिथून सुरुवात झाली होती.

"पोर मोठी झाली, लग्न होऊन गेली," बायको म्हणाली, "आणि तुम्ही उठतच राहिलात."

"मग बोलायचंस की!"

"काय बोलणार? तुम्ही इतके रंगून सांगायचात पुढचं. मला तेही आवडायचं." तिने घास पुन्हा उचलला. "पण या दोघींचं मला खरं काय झालं ते हवं होतं."

त्यांनी मुलीला फोन लावला. जणू तीच या खटल्यातली साक्षीदार.

"हो, आठवतंय की," मुलगी तिकडून हसत म्हणाली. "बाबा, तुम्हाला सांगू? शाळेच्या सहलीला सिनेमा दाखवला होता, तर मध्यंतर झाल्यावर मी दप्तर उचलून बाहेर जाऊन उभी राहिले. तुमच्याबरोबर यायचे तेव्हा तेवढाच बघितलेला, मला वाटायचं सिनेमा तेवढाच असतो."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मध्यंतररावही हसले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते म्हणाले, "टोनर संपत आलाय, घेऊन येतो," आणि निघाले ते सरळ थिएटरवर.

खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, मध्यंतर होत आलंय. पुढच्या खेळाचं देऊ का?"

"नको. याचंच दे. पहिला भाग झालाय माझा."

खिडकीतल्या माणसाने त्यांना जरा निरखून बघितलं आणि तिकीट दिलं. ते अंधारात चाचपडत मधल्या रांगेत जाऊन बसले. शेजारी कुणी नव्हतं.

दुसऱ्या भागात फार काही घडतच नव्हतं. थोरली बसवर जात होती, धाकटी घरात भिंती रंगवत होती, मांजर निरोप पोचवत होती. मग एक दिवस थोरली न्हाणीघरात गेली आणि कडी तुटली. दार अडकलं. बाहेर धाकटी एकटी. आता मांजरीला सांगून भागणार नव्हतं. धाकटी सुताराला फोन करते. सुतार म्हणतो, येतो, वेळ लागेल. आणि ती दाराला पाठ लावून खाली बसते. आतून थोरलीही बसल्याचा आवाज येतो. पडद्यावर नुसतं दार. संगीत नाही, काही नाही. थिएटर इतकं गप्प झालं की मध्यंतररावांना आपलाच श्वास ऐकू आला. त्यांना बाकावरची ती दुपार आठवली. हाच तो वेळ.

मग दोघी बोलायला लागतात. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल, कोण आलं नाही आणि कुणी बोलावलं नाही त्याबद्दल. तोंड दिसत नाही म्हणून बोलता येतं. बोलणं ऐन रंगात आलेलं असताना दारावरची बेल वाजते. सुतार हत्यारांची पिशवी घेऊन उभा. धाकटी डोळे पुसते आणि त्याला सांगते, "जरा वेळाने या."

हॉल हसला. मध्यंतररावही हसले, मोठ्याने हसले. आणि हसता हसता त्यांचा चष्मा असा काही धूसर झाला की पुढचं सगळं त्यांना नुसतं ऐकावं लागलं.

ते दुकानात परतले तेव्हा बायको एका जाडजूड प्रबंधाला स्प्रिंग घालत होती.

"मिळाला टोनर?"

"नाही." ते मशीनपाशी गेले, उगाच काच पुसली. "त्या सुताराला परत पाठवलं ते बरं केलं हं."

स्प्रिंग अर्ध्यावर थांबली. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले.

"एकट्यानेच गेलात?"

"मग काय करणार? सगळ्या गावाला दार माहीत, मला सोडून."

"आणि?"

"मांजर शेवटी जास्तच दाखवली," ते म्हणाले. मत ते मत. "पण दार चांगलं आहे."

"चांगलं?"

"फार चांगलं आहे."

त्यानंतर ते बसायला लागले. पहिल्या पहिल्यांदा जड गेलं. दिवे लागले की पाय आपोआप सरळ व्हायचे, मग ते उठून दोघांसाठी चहा आणायचे आणि पुन्हा बसायचे. पूर्ण बघून सिनेमे चांगले वाटायला लागले, असं मात्र समजू नका. कितीतरी सिनेमे मध्यंतरापर्यंत बरे होते आणि नंतर हाताबाहेर गेले. एका प्रेमकथेत तर दुसऱ्या भागात जुळा भाऊ निघाला. मध्यंतररावांनी कपाळाला हात लावला. बायकोला तो जुळा भाऊच आवडला. दुकानात दोघांची त्यावरून अशी जुंपली की एक वकीलसाहेब आपली पानं घेऊन मुकाट्याने निघून गेले आणि मूळ प्रत काचेवरच राहिली.

गैरसोय झाली ती औषधवाल्याची. त्याला एका माणसाचं सरळ मत मिळायचं, आता दोन मिळायला लागली, तीही एकमेकांच्या उलट. "तुमचं काही खरं नाही," म्हणून त्याने एका दुपारी दुकानाची फळी लावली आणि म्हाताऱ्या आईला रिक्षात घालून स्वतःच थिएटरवर गेला. परत आला तो सांगायला लागला की थांबेचना.

मग तो मोठा युद्धाचा सिनेमा आला. गल्लीत सगळीकडे त्याचीच चर्चा. तिकिटं मिळेनात. मिळाली ती पार मधल्या खुर्च्यांची, दोन्हीकडे माणसंच माणसं. सिनेमा लांब होता. घोडे किती, भाले किती, धूर किती. मध्यंतराला मध्यंतरराव चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आत्तापर्यंत नुसती तयारी झालीय. आता लढतील." बायकोने मान डोलावली. दुसऱ्या भागात आणखी तयारी झाली. शेवटी एकदाच्या दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, हिरोने तलवार उपसली, व्हिलन हसला, ढोल वाजायला लागले, मध्यंतरराव खुर्चीच्या कडेवर आले.

आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं उमटली की पुढची कथा दुसऱ्या भागात, पुढच्या वर्षी.

दिवे लागले. सगळे उठले. मध्यंतरराव उठले नाहीत. समोर नावं सरकत होती, ती ते बघत राहिले. मग हळूच बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, म्हणजे हे लोक आता सगळ्यांनाच अर्ध्यात उठवतात?"

बायकोने तोंडाला पदर लावला, पण उपयोग झाला नाही. ती हसत राहिली, खुर्चीचा हात धरून हसत राहिली. रांगेतली माणसं वाट मिळेना म्हणून उभी होती, तीही कशाला ते न कळता हसायला लागली. मध्यंतरराव मात्र गंभीर होते. त्यांच्या डोक्यात दोन्ही फौजा अजून तशाच उभ्या होत्या.

"चला," बायको डोळे पुसत म्हणाली. "वाटेत सांगा मला, कोण जिंकतं ते."

ते बाहेर आले. ऊन उतरलं होतं, फुटपाथवर गर्दी होती. त्यांनी तिला आतल्या बाजूला घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "आधी हे सांग, तो लंगडा सेनापती कुणाच्या बाजूचा होता? माझा तिथेच गोंधळ झाला."

"व्हिलनच्या."

"छे! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"धुराने आलं असेल."

"धुराने?" मध्यंतरराव थांबलेच. "अगं, तो एवढा मोठा नट आहे. त्याच्या डोळ्यांत धुराने पाणी कशाला येईल?"

आणि दोघं बोलत बोलत गर्दीत चालायला लागली.